पिंजऱ्यात उभा असलेला नट

संयोजकांनी आम्हाला विषय दिला तो कागदावर असा होता : 'रंगमंचीय नटासाठी आवश्यक कौशल्ये'. वाचून जरा धास्तीच वाटली. कारण या मथळ्याखाली काय सांगायचं असतं हे एखादं नाट्यशिबिर केलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. आवाज हवा, उच्चार स्वच्छ हवेत, शरीर लवचीक हवं, पाठांतर चोख हवं, तालमीला वेळेवर यावं. (हशा.) शेवटचं सगळ्यांत अवघड आहे, इथे बसलेल्या दिग्दर्शकांना विचारा.

यातलं काहीच खोटं नाही. श्वासाचंच घ्या. श्वास पुरला नाही की नट वाक्याचं शेपूट गिळतो. आता मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटी येतो. त्यामुळे शेपूट गेलं की माणूस 'आला' की 'आला नाही' हेच बाल्कनीत बसलेल्याला कळत नाही. तेव्हा दमसास हवाच. पण हे सगळं तालीम मास्तर शिकवू शकतो, रोज सकाळी तासभर मेहनत केली तर वर्षभरात बरंचसं येतं. आज आम्ही ज्याबद्दल बोलणार आहोत ते कौशल्य या यादीत बहुधा नसतं. ते म्हणजे रंगमंचावर ऐकणं. समोरचा बोलत असताना आपण काय करतो, एवढाच प्रश्न.

हा विषय आम्ही का निवडला ते आधी सांगतो, कारण त्यात आमची एक चूक आहे आणि ती बरीच वर्षं आत टोचते आहे.

एका जिल्ह्याच्या गावी एकांकिका स्पर्धेला आम्ही परीक्षक होतो. तिघे होतो. दोन दिवसांत सतरा एकांकिका. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावरची ती जड वेळ, एक घरगुती विषयाची एकांकिका लागली. बाप मुलाला घराबाहेर काढतो, असा प्रसंग. बापाचं काम करणारा मुलगा दणकट आवाजाचा होता, दोन वेळा टाळी घेऊन गेला. मागे स्वयंपाकघराच्या दारात त्या घरातली सून उभी होती. त्या अख्ख्या प्रसंगात तिला एकही वाक्य नव्हतं. हातात ताट होतं. बाप बोलायला लागला तेव्हा ती ताट पुसत होती, मधेच कुठेतरी पुसणं थांबलं, आणि एका शब्दाला तिने ते ताट पोटाशी धरलं. त्या क्षणी आम्हाला कळलं की ती गरोदर आहे आणि घरात हे अजून कुणाला माहीत नाही. संहितेत ते पुढे चार पानांनी येणार होतं.

बक्षीस आम्ही बापाला दिलं. तिघांचं एकमत झालं, चर्चासुद्धा झाली नाही. निकालानंतर ती मुलगी आली आणि विचारलं, "सर, माझं काय कमी पडलं?" आम्ही, म्हणजे तिघांतल्या ज्याच्यासमोर ती उभी होती तो, आणि तो हाच जो तुमच्यासमोर बोलतोय, पटकन म्हणालो, "आवाज जरा कमी पडला." जिला वाक्यच नव्हतं तिचा आवाज कमी पडला! ती 'बरं सर' म्हणाली आणि गेली. परतीच्या एस्टीत लक्षात आलं की आपण काय बोललो.

तर हे असं का झालं? कान नव्हते म्हणून नाही. ते ताट आम्हाला दिसलं होतं, आजही दिसतं. पण ते मोजायला आमच्याकडे रकाना नव्हता. गुणपत्रिकेत वाचिक होतं, आंगिक होतं, पाठांतर होतं, 'रंगमंचावरील वावर' होता. ऐकण्याला जागाच नव्हती.

याचं मूळ कुठे जातं ते बघा. जुन्या नाटक कंपन्यांत नटाला पूर्ण नाटकाची वही मिळत नसे. त्याला त्याची 'नक्कल' मिळे, म्हणजे फक्त त्याच्या भूमिकेची भाषणं आणि प्रत्येक भाषणाच्या आधी समोरच्याच्या वाक्यातले शेवटचे दोन-तीन शब्द. हाताने लिहून काढण्याच्या काळात तो नाइलाजच होता. आज मोबाइलवर पूर्ण संहिता येते. आणि नट पहिलं काम काय करतो? आपली वाक्यं पिवळी करतो. उरलेलं सगळं पांढरं. म्हणजे नक्कल गेली असं आपण म्हणतो, पण ती पिवळ्या रंगात परत आली आहे.

नकलेनं पाठ केलेला नट समोरच्याचे फक्त शेवटचे दोन शब्द ऐकतो. क्यू आला की बोलतो. आता एक साधं वाक्य घेऊ : "तुमच्या मुलाला काल आम्ही स्टेशनवर पाहिला." समोर बाप उभा आहे. त्याचा क्यू आहे 'पाहिला'. पण बापाचं ऐकणं 'मुलाला' या शब्दाशीच जागं व्हायला हवं. 'काल' म्हणताच तो मनात हिशेब करेल की काल तर हा कॉलेजला गेला होता. 'स्टेशनवर' म्हटल्यावर त्याला सगळं समजलेलं असेल. 'पाहिला' येईपर्यंत तो उत्तर देऊन मोकळा झालेला असतो, आतल्या आत. क्यू ही बोलण्याची वेळ आहे, कळण्याची वेळ त्याच्या कितीतरी आधी येते. हे अंतर ज्याला कळलं त्याला आम्ही नट म्हणू. ज्याला कळलं नाही तो वाक्य संपल्यावर एकदम दचकतो. अशी दचकणारी माणसं आपण मालिकांत रोज बघतो, त्यांना निदान कॅमेरा तीनदा झूम करून मदत करतो. (हशा.) रंगमंचावर कुणी मदत करत नाही.

आता मोठ्या उदाहरणाकडे वळू. मराठी रंगभूमीवर पाच वर्षांच्या अंतराने दोन खटले उभे राहिले. १९६२ साली आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' आणि १९६७ साली विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. दोन्ही नाटकांत मुख्य भूमिका आरोपीची. आरोपीचं कामच मुळी उभं राहून ऐकण्याचं. त्यामुळे आमच्या विषयाला याहून चांगली प्रयोगशाळा नाही.

'शांतता'ची हकीकत बहुतेकांना माहीत आहे, तरी दोन वाक्यांत सांगतो. मुंबईची एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला एका गावात आली आहे. गावातल्या सामंत नावाच्या साध्या माणसाला कोर्टाची पद्धत समजावी म्हणून वेळ जायला एक लुटुपुटूचा खटला चालवायचं ठरतं आणि शिक्षिका असलेल्या लीला बेणारेला आरोपी करतात. आरोप भ्रूणहत्येचा. खेळ हळूहळू खेळ राहत नाही.

या नाटकातलं बेणारेचं शेवटचं दीर्घ स्वगत अतिशय प्रसिद्ध आहे. सुलभा देशपांडे यांच्या नावाशी ते कायमचं जोडलं गेलं आहे. आज कुठल्याही एकपात्री स्पर्धेला जा, नाट्यप्रशिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेला जा, दिवसात दोन-तीन तरी बेणारे भेटतातच. मुली मेहनत घेतात, रडतात, कधीकधी फार छान करतात. आणि तरीही दर वेळी काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. आम्हाला बरीच वर्षं कळत नव्हतं काय चुकतं ते.

चुकतं ते असं. नाटक पहिल्यापासून वाचा. पहिल्या अंकात बेणारे अखंड बोलते. दाराच्या कडीत बोट सापडलेलं, ते चोखत येते आणि सामंतशी गप्पा सुरू करते. मग सहकाऱ्यांच्या नकला, चेष्टा, गाणी. इथे ती कुणाचं ऐकत नाही, कारण ऐकलं तर काय ऐकावं लागेल याची तिला कल्पना आहे. बडबड हे तिचं कवच आहे. दुसऱ्या अंकात खटला सुरू होतो, साक्षी सुरू होतात आणि तिला ऐकावं लागतं. प्रथम खेळ म्हणून, जरा कंटाळून. मग एखादा शब्द लागतो, ती हसून झटकते. मग झटकता येत नाही. सामंत साक्ष देतो तेव्हा तर तो बिचारा हातातल्या कादंबरीच्या आधाराने काहीतरी रचून सांगतो आहे, त्याला कुणाला दुखवायचं नाही, आणि ते रचलेलं नेमकं खऱ्याच्या अंगावर जाऊन पडतं. ही जागा नटीने कशी घ्यावी? सामंतला माहीत नाही, सुखात्म्यांना वास लागला आहे, प्रेक्षकाला अर्धवट माहीत आहे. हे सगळं फक्त बेणारेच्या ऐकण्यातून कळायचं. ती जास्त दचकली तर रहस्य फुटतं, दचकलीच नाही तर नाटक थांबतं. आमच्या मते बेणारेची परीक्षा इथे आहे, स्वगतात नाही.

तिसऱ्या अंकात तिला पिंजऱ्यात उभं करतात आणि ती गप्प होते. पहिल्या अंकात जिचं तोंड थांबत नव्हतं ती पानंच्या पानं गप्प. पोंक्षे बोलतो, कर्णिक बोलतो, रोकडे बोलतो, मिसेस काशीकर तर तुटूनच पडतात. प्रत्येक साक्ष हा एक घाव आहे आणि प्रत्येक घाव वेगळ्या जागी बसतो. पोंक्षेचं बोलणं लाज आणतं, रोकडेचं कदाचित दयाही आणत असेल. काशीकरांच्या सोवळ्या बोलण्याने राग येईल की थकवा, हे नटीने ठरवायचं. हे घाव जिने वेगवेगळे घेतले तिच्या तोंडून स्वगत आपोआप सुटतं, कारण तोवर आत इतकं साठलेलं असतं की त्याला वाट हवी असते. जिने घेतले नाहीत, नुसती मान खाली घालून 'आता माझं स्वगत येणार' म्हणून उभी राहिली, ती मग स्वगतात ओरडते. ओरडावंच लागतं, दुसरं भांडवल नसतं. स्पर्धेतल्या मुलीला तर ते घाव कुणी घातलेलेच नसतात. ती थेट रिकाम्या रंगमंचावर येते आणि उत्तर देते, प्रश्न विचारणारं कुणीच नाही.

आणखी एक गंमत. गंमत म्हणजे काय, क्रूर गोष्ट आहे. बेणारे ते स्वगत बोलते तेव्हा बाकीची पात्रं जागच्या जागी गोठलेली असतात. ते संपतं आणि कोर्ट पुढे चालू लागतं, जणू ती काही बोललीच नाही. म्हणजे ते स्वगत कोर्टात कुणी ऐकलेलंच नाही. आपण ऐकलं. अख्खं नाटकच न ऐकण्याबद्दल आहे. त्यात एकच माणूस थोडाफार ऐकतो, तो सामंत. शेवटी तो आपल्या पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट हळूच तिच्याजवळ ठेवतो. सामंतचं काम कितीतरी प्रयोगांत विनोदी म्हणून करतात, गावंढळ माणूस म्हणून लाफ्टर काढतात. तो लाफ्टर मिळतोही. पण मग शेवटी पोपट ठेवायला कुणी उरत नाही.

आता लाखोबा. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लाखोबा लोखंडे कोर्टात उभा आहे आणि सगळं नाकारतो आहे. नाटक पुढे सरकतं तसा तोच नट दिवाकर दातार होतो, कॅप्टन अशोक परांजपे होतो, राधेश्याम महाराज होतो. प्रभाकर पणशीकरांनी ही भूमिका हजारांवर प्रयोगांत केली. या नाटकाबद्दल लोक बोलतात ते फिरत्या रंगमंचाबद्दल, वेशांतराच्या वेगाबद्दल. बोलावंच, त्या काळात तो चमत्कार होता. पण वेशांतर हे आहार्य झालं. लाखोबा आपली केस स्वतः चालवतो, साक्षीदारांची उलटतपासणी स्वतः घेतो, हे जरा लक्षात घ्या. उलटतपासणी म्हणजे दुसरं काय? समोरच्याच्या बोलण्यातली फट ऐकणं. बेणारे घाव झेलण्यासाठी ऐकते, लाखोबा निसटण्यासाठी ऐकतो. साक्षीदार बाई रडत असते तेव्हा लाखोबाने हळवं व्हायचं नाही, कंटाळायचंही नाही. ती कुठे चुकते याची वाट बघायची, मांजर बघतं तशी. आणि ती चुकली की चेहऱ्यावर काही दिसता कामा नये, कारण न्यायाधीश बघतो आहे. पण प्रेक्षकाला मात्र दिसलं पाहिजे. एकाच ऐकण्याचे दोन प्रेक्षक. हे करून बघा, मग पाच वेश बदलणं सोपं वाटेल.

कुणी म्हणेल, हे सगळं पाश्चात्त्यांकडून आलेलं वास्तववादी खूळ आहे. स्तानिस्लाव्हस्कीने अवधान आणि पात्रांमधली देवघेव यांवर लिहिलं आहे हे खरं. पण आपल्याकडे बघा. भरताने अभिनय चार प्रकारचा सांगितला, त्यात सात्त्विकाला मोठा मान दिला आणि सत्त्वाचा संबंध समाहित मनाशी जोडला. आठ सात्त्विक भाव कोणते? स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. यातला एक तरी माणूस आपणहून 'करतो' का? हे सगळं होतं, काही पाहिल्यावर, काही ऐकल्यावर. आणि शास्त्र सोडा, तमाशाच्या बतावणीतला सोंगाड्या घ्या. त्याचं पोटच कानावर चालतं. सरदाराचं वाक्य, ढोलकीची थाप, पुढच्या रांगेतला खोकला, सगळं त्याच्या कानात असतं आणि तिथूनच त्याचं पुढचं वाक्य निघतं. त्याच्याकडे पिवळं केलेलं पान नसतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. व्यावसायिक नट तेच नाटक दोनशेव्यांदा करतो. समोरचा काय बोलणार हे त्याला झोपेतही माहीत आहे, मग तो ऐकणार काय? आमचं उत्तर असं की शब्द माहीत असतात, सूर माहीत नसतो. काल कोल्हापूरचा प्रयोग करून रात्रभर बसने आलेला सहनट आज दुपारी शिवाजी मंदिरला अर्धी पट्टी खाली बोलणार आहे. ते ऐकलं नाही आणि आपण ठरलेल्या पट्टीत उत्तर दिलं की दोन वेगवेगळी नाटकं चालू आहेत असं वाटतं. रिप्लेसमेंट आली की हे उघडं पडतं. नवा नट एक पॉज जास्त घेतो आणि शंभर प्रयोग केलेला जुना नट त्या पॉजमध्ये घुसतो, वर विंगेत जाऊन म्हणतो, "याला टायमिंग नाही." टायमिंग कुणाला नाही?

हशाचंही तसंच. हशा वर चढतो, टिकतो, उतरायला लागतो. पूर्ण विरण्याआधी, उताराला लागल्यावर, पुढचं वाक्य टाकायचं. ही जागा रोज वेगळी असते, शनिवारी रात्री वेगळी आणि रविवारी दुपारी वेगळी. ती घड्याळावर मोजता येत नाही. विनोदी नटांना म्हणूनच कान असतात. गंभीर नटांपेक्षा जास्त असतात असं आमचं मत आहे, त्यावर भांडायची तयारी आहे.

माइकबद्दल थोडं बोलायला हवं, नाहीतर म्हणाल विसरले. माइक नको असं आम्ही म्हणत नाही, हजार माणसांच्या थिएटरात पंख्यांच्या आवाजात कुणी घसा फोडावा? पण झालं असं की आवाज दोन बाजूंच्या स्पीकरमधून यायला लागला आणि नटांना एकमेकांकडे बोलण्याची गरज उरली नाही. पुढे माइकच्या रेषेत येऊन, प्रेक्षकांकडे तोंड करून बोलायचं. नवरा-बायकोचं भांडण चाललं आहे आणि दोघंही आपल्याकडे बघतायत. आपल्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. (हशा.)

आता आमच्याकडे, म्हणजे समीक्षकांकडे. आमच्या परीक्षणांतलं एक वाक्य तुम्ही शेकडो वेळा वाचलं असेल : अन्य भूमिकांत अमुक, अमुक आणि अमुक यांची चांगली साथ लाभली. हे वाक्य आम्हीही लिहिलं आहे, जागा संपत आली की लिहिलं आहे. 'साथ' हा शब्द गाण्यातून आला. पण गाण्याच्या मैफिलीत तबलजीने काय साथ केली ते जाणकार बारकाईने सांगतात. आम्ही नावांची यादी करून मोकळे होतो. दुसरा आवडता शब्द 'अभिनयाची जुगलबंदी'. दोन नट एकमेकांवर ओरडले की आम्ही जुगलबंदी म्हणतो. खऱ्या जुगलबंदीत एक वाजवतो तेव्हा दुसरा काय करतो ते कधी तरी बघा. नटांनी टाळीच्या वाक्यांसाठी कामं निवडली, तर त्यांना ते वळण लावायला आम्हीही होतो. 'नटसम्राट'मधली स्वगतं आम्ही सुटी करून डोक्यावर घेतली. पण अप्पासाहेब घर मागत रस्त्यावर का येतो? मुलीच्या घरात त्याच्यावर चोरीचा संशय घेतला गेला आणि तो त्याने ऐकला. तो संशय नटाने कसा ऐकला, याबद्दल लिहिलेलं परीक्षण आमच्या कात्रणांत शोधूनही सापडलं नाही. आमचं स्वतःचंही नाही.

तालमीत काय करावं, हे विचारणारच तुम्ही, म्हणून दोन गोष्टी सांगतो. वाचनाच्या तालमीत निदान दोनदा भूमिका बदलून वाचा. आरोपीने वकील वाचावा, वकिलाने आरोपी. समोरच्याची वाक्यं स्वतःच्या तोंडातून गेली की ती पांढरी राहत नाहीत. आणि उभ्या तालमी सुरू झाल्या की दिग्दर्शकाने मधेच थांबवून गप्प असलेल्या नटाला विचारावं, "कुठल्या शब्दाला तुला बोलावंसं वाटलं?" नटाने शेवटचा शब्द सांगितला तर तो क्यू ऐकत होता. मधला सांगितला तर पुढे जायला हरकत नाही. रोज वेगळा शब्द सांगितला तर फारच उत्तम, त्या नटाला त्रास देऊ नका.

ती ताट धरलेली मुलगी पुढे नाटकात राहिली की नाही आम्हाला माहीत नाही. त्या स्पर्धेनंतर दोन-तीन वर्षं आम्ही त्या भागातल्या संघांच्या श्रेयनामावल्या बघत होतो, तिचं नाव दिसलं नाही. ते 'बरं सर' मात्र अजून कानात आहे. अलीकडे परीक्षक म्हणून जातो तेव्हा गुणपत्रिकेच्या समासात पेन्सिलीने एक जादा रकाना आखून घेतो. त्याचे गुण बेरजेत धरता येत नाहीत, पण बक्षीस समारंभानंतर त्या रकान्यातल्या मुलांना शोधून काढून काय दिसलं ते सांगतो. कधी ती गर्दीत निघून गेलेली असतात, मग संयोजकांकडून नंबर घेऊन फोन करतो.

वेळ झाली आहे. मागे कुणीतरी मघापासून हात वर करून बसलं आहे, त्यांना माइक द्या.